साठ गुणांचा सेंटर फॉरवर्ड

रियाज माझ्याकडे सातवीत गणित शिकला, आणि आता त्याची मुलगी अम्रीन शिकते. यंदा, २००४ साली, एका शुक्रवारी संध्याकाळी तो तिला न्यायला माझ्या शिकवणीचा जिना चढून आला, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. टेम्पो घेऊन शिरवळच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. त्याने भिंतीला पाठ टेकली आणि डावा गुडघा चोळू लागला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आनखी एकदा मुरगळला तर क्लच दाबायचं इसरा, म्हनले."

"मग परवाची विंझरबरोबरची फुटबॉल मॅच?"

"खेळा म्हनून चिमाजी रोज दारात. म्हनतो, रियाजभाई, तुमी नुसतं उभं ऱ्हावा, विंझरवाले तुमाला बगूनच मागं सरकतात. चौदा वर्सं न्हाई म्हनलो न्हाई, सर. आता तोंडातनं निघत न्हाई."

शाळेच्या मैदानावर त्याला पहिल्यांदा पुढे उभं केलं ते मीच. तो खेळायला उतरला की मलाही बरं वाटायचं. खेळू नकोस असं त्याला आजवर कोणी म्हटलंच नव्हतं, मीही नाही.

आत अम्रीनचा अर्धा तास चालू होता. माझ्या मुलाने, प्रद्युम्नने, जुना कॉम्प्युटर इथे आणून ठेवला आहे. अपूर्णांकांची दहा उदाहरणं रीतीसकट सोडवली की मुलांना त्यावर अर्धा तास फुटबॉलचा खेळ खेळायला मिळतो.

"अब्बा, आत या," ती ओरडली. "मी आपली भोरची टीम बनवलीय. तुमचे मार्क सांगा."

"कसले मार्क?"

"स्पीड, हेडिंग, शूटिंग, सगळ्याचे. शंभरापैकी. आणि खरे सांगा हां."

रियाज खुर्चीवर टेकला. प्रश्न त्याने परीक्षेसारखा मनावर घेतला.

"स्पीड... एक्क्याण्णवला पुण्यात लीग खेळायचो तवा ऐंशी आसंल. त्या साली एकोणीस गोल. आता लिही पंचेचाळीस."

"अब्बा!"

"खरे सांगा म्हनलीस ना? हेडिंग सत्तर. पंच्याण्णवला मुंबईच्या एका कंपनीच्या टीमनं बोलावलं ते हेडिंगवरच. तीन दिवस ठेवून घेतलं, मग माझ्यापेक्षा उंच गडी मिळाला त्यांना. शूटिंग साठ. दम... चाळीस."

"आणि बॉल धरून ठेवणं?" मी विचारलं. गोलाकडे पाठ करून, खांद्यावर दोन-दोन गडी लोंबकळत असताना तो चेंडू राखायचा, ते बघायला लोक आंबवड्याहून यायचे.

"ते लिही पंच्याऐंशी. ते आजून जमतं."

सरासरी साठ आली. "पहिला वर्ग," मी म्हणालो. रियाजही खूश झाला.

अम्रीन मात्र कपाळाला हात लावून हसली. "सर, यात साठ म्हणजे नापास!"

तिने बटण दाबलं. कॉम्प्युटरने अकरा जण निवडले आणि बाकीचे खाली राखीव म्हणून लावले. रियाज राखीवमध्ये शेवटून दुसरा होता. नऊ नंबरवर, सेंटर फॉरवर्डच्या जागी, फरदीन, त्याच्या चुलतभावाचा सतरा वर्षांचा मुलगा.

"फरदीनला अठ्ठ्याऐंशी?" रियाज म्हणाला. "त्याला आजून ऑफसाईड कळत न्हाई!"

"त्यानंच सांगितले. सगळ्यांनी आपापले सांगितले."

रियाज इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा, तुम्हाला नव्वद करते."

"राहू दे."

"पण मग तुम्ही खेळणार नाही, अब्बा."

"व्हय," तो म्हणाला. "राहू दे तसंच." आणि पडद्यावरच्या त्या राखीव यादीकडे, दमलेल्या माणसाने घातलेल्या अंथरुणाकडे बघावं तसा बघत राहिला.

मग म्हणाला, "सर, चिमाजीकडं येता का माझ्यासंगं?"

चिमाजी आमच्या संघाचा कॅप्टन. त्याचं पंक्चरचं दुकान आहे. आम्ही गेलो तेव्हा तो ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधत होता.

"चिमाजी, परवा मला धरू नको. फरदीनला घे."

"चेष्टा करताय व्हय? गुडघ्याला पट्टी बांधू की."

"कॉम्प्युटरनं काढला मला. सगळे मार्क घातले, राखीवमदी बसवला."

चिमाजीने माझ्याकडे पाहिलं. "सर, खरंच?"

"माझ्यासमोर," मी म्हणालो.

डॉक्टरशी त्याने तासभर वाद घातला असता; कॉम्प्युटरशी घालता येईना. "मग काय बोलणार," म्हणाला आणि ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली.

रविवारी अम्रीनला घेऊन मी मॅच बघायला गेलो. फरदीन चार वेळा ऑफसाईड झाला. विंझरने दोन गोल केले, आम्ही एकही नाही. परतताना तिने विचारलं,

"अब्बा असते तर?"

"एक गोल झाला असता, कदाचित."

"मग खेळायला पाहिजे होतं."

"आणि आज गुडघा गेला असता तर? उद्यापासून टेम्पो कोणी चालवला असता?"

ती वाटेतला दगड पायाने ढकलत चालू लागली. मीही घाई केली नाही.

घरापाशी शगुफ्ता, तिची आई, दारातच उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. आत रियाज भर दुपारी आडवा झाला होता, पाय उशीवर, तोंड उघडं.

"जेवल्यापासून झोपलेत," ती हळू म्हणाली. "चौदा वर्सांत रैवारी कदी झोपले न्हाईत."

अम्रीन चपला काढून त्याच्याजवळ बसली, त्याला निकाल सांगायला. तो उठला तेव्हा दिवस मावळला होता. दुसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं, अब्बांनी निकाल विचारलाच नाही, आधी चहा मागितला.