पपनसाचा रस आणि ताईची गोळी

माझ्या रसाच्या दुकानापासून ताईच्या औषधाच्या दुकानापर्यंत चालत चार मिनिटं लागतात. आठ महिने आम्हा दोघांना ती चार मिनिटं चालवली नाहीत. बाबा मात्र रोज चालायचे.

भांडण एका पाटीवरून झालं. मी रंगवून घेतली होती: 'पपनसाचा ताजा रस, रक्तदाबावर गुणकारी.' ताई भर गिऱ्हाइकांत तणतणत आली.

"उतरव ती पाटी. बाबांच्या प्रेशरच्या गोळीबरोबर पपनस चालत नाही, गोळी रक्तात साठत जाते. तू कधीपासून डॉक्टर झालास रे?"

खरं तेच बोलत होती, पण चार लोकांत बोलली. लहानपणापासून घरात तिच्या मार्कांचं कौतुक आणि माझ्या अकलेचा उद्धार ऐकत आलो होतो. मी म्हणालो, "तुझ्या गोळ्या खपत नाहीत म्हणून पोटात दुखतंय तुझ्या." झालं, त्या दिवसापासून एकमेकांचं तोंड बघणं बंद. पाटी जागच्या जागी राहिली.

त्याच संध्याकाळी मी बाबांना बजावलं, "एक काय ते ठरवा. रस, नाहीतर गोळी."

"सोडली बघ गोळी," बाबा म्हणाले. मला केवढा आनंद झाला, आता सांगायलाही लाज वाटते.

सकाळी आठला ते स्टुलावर बसून मोठा पेला संपवायचे. मग ताईच्या दुकानात पेपर वाचायला जायचे. पेपर माझ्याकडेही येत होता, पण मी विचारलं नाही. प्रेशरचं यंत्र मी मुद्दाम विकत आणलं होतं. एकशे सत्तरचा आकडा एकशे दहावर आला तेव्हा मी तो गिऱ्हाइकांना ओरडून सांगितला. पुढे कळलं, तोच आकडा ताईही तिच्या काउंटरवर अभिमानाने सांगत होती.

अलीकडे स्टुलावरून उठताना बाबा टेबलाची कड धरायचे. "जरा गरगरतं," म्हणायचे. मी काय करावं? अर्धा पेला वाढवला.

मंगळवारी ते पडले, दोन्ही दुकानांच्या मधोमध, किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीसमोर. त्याने दोन्हीकडे निरोप धाडले. मी इकडून धावत आलो, ताई तिकडून.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "प्रेशर एवढं खाली कसं? सकाळी काय घेतलं होतं यांनी?"

"फक्त रस," मी म्हणालो. "गोळी केव्हाच बंद आहे."

"काहीतरीच काय बोलतोस?" ताई म्हणाली. "गोळी रोज माझ्यासमोर घेतात, मी स्वतः हातावर ठेवते. रस बंद केलाय त्यांनी. मीच म्हटलं होतं, दोन्हींतलं एक निवडा."

आठ महिन्यांनी आम्ही पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "रस सोडवत नव्हता तर गोळी बदलून दिली असती. पपनसाने बिघडत नाहीत अशाही गोळ्या आहेत. कुणी विचारायला का नाही आलं?"

कोण येणार होतं? गोळी बदलली असती तर रस जिंकला असता, म्हणून ताई आली नाही. आणि मला तर गोळीच नको होती. औषधातलं तिला सगळं कळत होतं आणि बाबांचं गरगरणं मी रोज बघत होतो. हात दोघांचेही स्वच्छ नाहीत. खुब्याचं हाड मोडलंय, आता आधाराशिवाय चालणं होणार नाही, हे बाईंनी तोंडावर सांगितलं. मला रडू आलं नाही, राग आला. ताईचा आला, माझा आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त बाबांचा आला. एकदा तरी खेकसायचं होतं आमच्यावर!

दुसऱ्या दिवशी ते नीट शुद्धीवर आले. खाटेच्या एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला ताई. डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, "आजोबा, रस आणि गोळी, दोन्ही घेत होता ना? खरं सांगा, कुणी रागावणार नाही."

"सांगा बाबा," ताई म्हणाली. "आम्हाला कळलंय सगळं."

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"छे हो," ते म्हणाले. "नुसतं पाणी प्यायलो होतो."