गोळ्यांची वाटणी

खुरपणाच्या टोळीत सहा बायका आणि कायदा एकच: बांधावर जे येईल ते सगळ्यांचं. डबा असो, डोकेदुखीचा मलम असो, नाहीतर मालकाच्या शिव्या असोत, सारखी वाटणी. एकटीनं खाणारीचं वर्षानुवर्षं नाव निघायचं. हा कायदा मुकादमिणीनंच केलेला.

तिला साखरेचा आजार होऊन आठ वर्षं झाली होती. त्यात रान उघडंबोडकं, बाईनं बसायला झुडूपभरसुद्धा आडोसा नाही. म्हणून ऊन कितीही पेटू दे, दिवसभर पाण्याचा घोट घ्यायचा नाही, ही तिची युक्ती. मग व्हायचं तेच झालं. लघवीला सारखं उठायचं, आणि येणार थेंबभर, तेही आग ओकत. आठवडाभर तिनं अंगावर काढलं. शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासून सात दिवसांच्या चौदा गोळ्या दिल्या आणि भरपूर पाणी प्यायला बजावलं.

दोन दिवसांत आग विझली. मुकादमिणीनं बांधावर ते कौतुकानं सांगितलं, तर एकेकीचं तोंड उघडलं. पाचही जणींचं दुखणं तेच, आणि लाजही तीच. गोळ्या उरल्या होत्या दहा. पाच जणींना दोन-दोन, हिशेब देवानंच जमवल्यासारखा. तिनं गोळ्या वाटल्या आणि मोठ्या समाधानानं खुरपं उचललं.

सहाव्या दिवशी भर उन्हात तिला हुडहुडी भरली. बरगडीखाली कळ उठली आणि ती ढेकळांतच आडवी झाली. दवाखान्यात साखर बघितली तर आभाळाला टेकलेली.

"गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना, मावशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घेतल्या की. सगळ्यांनी मिळून."

"जंतू अर्धमेला करून सोडलात. तो आता किडनीपर्यंत चढलाय. साखर असलेल्या बाईला हे जिवावर बेततं. आणि किडनी गेली तर ती कोण वाटून देणार तुम्हाला?"

मुकादमीण घाबरली, पार मुळापासून घाबरली. पाच दिवस सलाइन लावून घरी आली ती नव्या गोळ्या घेऊनच. रानात परतली तेव्हा बांधावर बसून सगळ्यांदेखत एक गोळी घेतली, वर तांब्याभर पाणी प्यायली.

टोळीतल्याच तिच्या धाकट्या जावेनं हात पुढं केला. "अक्का, मला परत जळजळतंय. दोन दे ना."

"माझ्या मलाच पुरायच्या आहेत. तू दवाखान्यात जा."

जावेनं हात मागं घेतला. मग ती हळूच म्हणाली, "दुखण्यानं माणूस किती आपमतलबी होतं, नाही?" चौघींनी माना डोलावल्या. मुकादमिणीला ते फार लागलं, पण तिनं पुडी कंबरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी पाचही जणी तावातावानं दवाखान्यात गेल्या. मुकादमीण गोळ्या एकटीच खाते, तिला जरा समज द्या, अशी तक्रार होती. डॉक्टरीणबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली, आणि पाचही जणींच्या हातात लघवीसाठी एकेक रिकामी बाटली ठेवली.