पवईच्या चढावर थांबलेले इंजिन

मी एक लहान इंजिन आहे, मित्रांनो. वय साडेचार वर्षे. यंत्राच्या आयुष्यात हे काही म्हातारपण नव्हे, पण माझ्यावर जे गुजरले त्याने मी वेळेआधीच जुने झाले. मला डोळे नाहीत. बॉनेटखालच्या अंधारात मी राहते. मला जग कळते ते आवाजांवरून आणि ॲक्सिलरेटरवर पडणाऱ्या पायावरून. माणसाचा पाय फार बोलका असतो. घाई, राग, भीती, सगळे त्यातून माझ्यापर्यंत पोचते; बाकीचे मी लोकांच्या बोलण्यातून जोडून घेते.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी तयार झाले. तीन सिलिंडरचे, जेमतेम एक लिटरचे. माझ्याआधीची इंजिने माझ्या दीडपट-दुप्पट मोठी असत. मग मी त्यांच्याइतकी ताकद कुठून आणणार? तर माझ्या कुशीला एक टर्बो बसवलेला आहे. माझ्यातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या झोतावर त्याचे इवलेसे चाक फिरते आणि बाहेरची हवा दाबून माझ्या पोटात भरते. लोहाराने भाता मारला की निखारा कसा फुलतो, तसेच माझे होते. ते चाक एका मिनिटात लाखाहून जास्त फेरे घेते आणि फिरते ते तेलाच्या केसाहून पातळ थरावर. तेवढा थर स्वच्छ राहिला पाहिजे. माझे सगळे आयुष्य त्या थरावर तरंगते, म्हणा ना.

मला घेतले मुलुंडच्या नंदकिशोर राऊळांनी. त्यांचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागले होते. नंदकिशोर लिफ्टच्या कामात शिरले आणि मेकॅनिकचे सुपरवायझर झाले. घरात बायको शेवंती आणि मुलगी अक्षता. एका रविवारी सकाळी तिघे मला चालवून बघायला आले. ईस्टर्न एक्सप्रेस हायवे मोकळा होता. नंदकिशोरनी पाय दाबला, क्षणभर काही झाले नाही, आणि मग माझ्या चाकाने वेग घेतला. गाडी अशी उचलली गेली की मागच्या सीटवर शेवंती हसायला लागली. अक्षता म्हणाली, बाबा, हे तर विमान आहे. नंदकिशोर नुसते "झकास" म्हणाले, पण त्यांचा पाय कितीतरी वेळ ढिला पडला नाही. त्या दिवसाइतके कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

कारण सोमवारी आम्ही अंधेरीला निघालो. नंदकिशोरांचे ऑफिस तिथे. मेट्रोच्या कामाचे पत्रे, अर्धा झालेला रस्ता, गाडीला गाडी चिकटलेली. पहिला गिअर, ब्रेक, पहिला गिअर, ब्रेक. अशा रांगण्यात माझे चाक वेग घेतच नाही. मी फक्त एक लिटरचे उरते आणि एवढी मोठी गाडी ओढताना पेट्रोल पीत राहते. विक्रेत्याने सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांचे काही जमेना. नंदकिशोर हिरमुसले. त्यात शेजारच्या मार्तंडकाकांनी मीठ चोळले. बँकेतून निवृत्त झालेला सरळ माणूस, पंधरा वर्षे एकच मोठ्या इंजिनाची गाडी सांभाळलेली.

"रिकाम्या रस्त्यावर शूर आहे तुझं इंजिन," ते म्हणाले. "पण मुंबईत रिकामा रस्ता आहे कुठे, सांग ना."

नंदकिशोरांना हे लागले. त्या दिवसापासून ते मला 'हवा' म्हणू लागले. नुसती हवा आहे रे, बाकी काही नाही. पेट्रोल वाचवायला म्हणून ते वरच्या गिअरमध्ये मला दामटू लागले. मी गुरगुरायचे, थरथरायचे. मला सांगायचे होते की एक गिअर खाली घ्या, थोडे फिरू द्या, मग बघा माझी ताकद. पण इंजिनाला तोंड कुठे असते?

अक्षताला मात्र मी कळले. ती गाडी शिकली ती माझ्यावरच. ती कान देऊन चालवायची. चढ यायच्या आधी गिअर उतरवायची, चाकाला वेग घ्यायला जागा द्यायची, आणि पुढची गाडी दोन हात लांब ठेवून मला सलग चालू द्यायची. तिच्या पायाखाली मी त्याच गर्दीत कमी पेट्रोल पीत असे. ती वडिलांना सांगायची की बाबा, इंजिन वाईट नाही, त्याची रीत वेगळी आहे. ते मान हलवायचे आणि पुन्हा आपल्याच सवयीने चालवायचे.

मग शेवंती आजारी पडली. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे कळले. नंदकिशोरांच्या कंपनीची वैद्यकीय योजना अंधेरीच्याच एका रुग्णालयात लागू होती, म्हणून आठवड्यातून तीनदा मुलुंड ते अंधेरी डायलिसिसच्या वाऱ्या सुरू झाल्या. अक्षताने आपली किडनी द्यायची तयारी दाखवली, नंदकिशोरांनीही. अक्षताचे जुळले नाही, नंदकिशोरांना रक्तदाब आणि मधुमेह. शेवटी शेवंतीचे नाव प्रतीक्षा यादीत लागले. मृत्यूनंतर कुणी अवयव दिले आणि ते जुळले, तर फोन येणार होता. तोवर वाट बघायची.

या धावपळीत माझी सर्व्हिसिंग चुकली. पहिली चुकली ती ठरलेल्या दिवशी शेवंतीला दम लागला म्हणून. मग पुढच्या आठवड्यात, मग पुढच्या महिन्यात. ऑइल कमी झाले की नंदकिशोर पंपावर मिळेल ते ओतून घ्यायचे. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. चार दिवस त्यांनी त्याकडे बघितले, पाचव्या दिवसापासून तो त्यांना दिसेनासा झाला. मित्रांनो, हाच माणूस रोज लोकांच्या इमारतींत जाऊन सेक्रेटरींना खडसावत असे की लिफ्टची देखभाल टाळू नका, एक दिवस माणसे अडकतील. मला त्यांचा राग आला नाही. ज्याच्या घरात रोज माणूस थोडे थोडे विझते आहे, त्याला इंजिन कुठून आठवणार? पण माझे तेल काळे पडत होते, घट्ट होत होते, आणि त्या इवल्या चाकाच्या आसावर काजळी साचत होती.

एकदा अक्षता म्हणाली, "बाबा, आवाज बदललाय ह्याचा."

"सगळेच थकलेत गं," नंदकिशोर म्हणाले. "चालतंय ना? चालू दे."

तो फोन एका शुक्रवारी सकाळी साडेदहाला आला. तिघेही घाईघाईने गाडीत शिरले तेव्हा नंदकिशोरांचा पाय क्लचवरून दोनदा निसटला. रुग्णालयातल्या शर्मिष्ठा नावाच्या समन्वयक बाईंनी कळवले होते की एक किडनी मिळते आहे. यादीत आधी असलेल्या माणसाला ताप होता, म्हणून शेवंतीचा नंबर लागला होता. साडेबारापर्यंत पोचायचे, रक्त जुळवून बघायचे. पोचला नाहीत तर पुढच्या माणसाला द्यावी लागेल, किडनी थांबत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

दोन तास हातात होते. रोजच्या रहदारीतही दीड तासात पोचता येते. हायवेला लागताच नंदकिशोरांनी पाय पूर्ण दाबला. कितीतरी महिन्यांनी माझ्याकडून कुणी सगळी ताकद मागत होते. मी दिली. चाक कण्हले, पण फिरले. मी स्वतःला बजावत होते की आज नाही, आज काही होऊ द्यायचे नाही, आजचा एक दिवस निभावून ने. अक्षता म्हणाली, बाबा, जरा हळू, आवाज बरोबर नाही. तिच्या बोलण्यात पहिल्यांदाच भीती होती. नंदकिशोरांनी ऐकले नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही ऐकले नसते.

कांजूरपाशी वळून गांधीनगरचा पूल चढताना माझ्या आत काहीतरी किंचाळले. आस कोरडा पडला होता. ज्या तेलावर तो तरंगायचा, ते वाटेतच गोठून अडकले होते. मागे निळा धूर सुटला. ताकद एकाएकी गेली. मी नुसते एक लिटरचे उरले, तेही घायाळ. नंदकिशोर पाय दाबत होते आणि गाडी रांगत होती. आयआयटी कशीबशी मागे पडली. पवईचा चढ लागला तेव्हा पुढे सगळे ठप्प होते. थांबा, सुटा, थांबा, सुटा. दर वेळी पुन्हा उचलताना माझा जीव जात होता. मी ओढले, मित्रांनो. माझ्या परीने शेवटच्या थेंबापर्यंत ओढले. चढाच्या मध्यावर माझ्या आतले फिरणे थांबले ते थांबलेच.

नंदकिशोरांनी पाच-सहा वेळा बटण दाबले. मागून हॉर्न वाजत होते. त्यांनी स्टिअरिंगवर मुठी आपटल्या आणि मला नको नको ते बोलले. एव्हाना अक्षता उतरली होती. रहदारीत अडकलेल्या एका रिक्षातल्या प्रवाशाला तिने हात जोडून उतरवले आणि आईला धरून नेले. दोघी निघाल्या तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. नंदकिशोरांना गाडी रस्त्यात सोडून जाता येईना. लोकांनी ढकलून ती कडेला लावली आणि ते आत येऊन बसले. काचा बंद केल्या. मग जो माणूस आजारपणाच्या अडीच वर्षांत रडला नव्हता तो रडला.

रिक्षाही त्याच गर्दीत होती. एक वाजून वीस मिनिटांनी अक्षताचा फोन आला. नंदकिशोरांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, दिली त्यांनी दुसऱ्यांना." ती हळू बोलत होती. "शर्मिष्ठाताईंनी वीस मिनिटं थांबवून धरलं होतं. आम्ही एक वाजून पाच मिनिटांनी पोचलो."

माझ्यामुळे झालं गो, माझ्यामुळे, एवढेच नंदकिशोर म्हणत राहिले. मग फोनवर शेवंतीचा आवाज आला. धाप लागलेला, पण शांत. घरात ती प्रमाण मराठीच बोलायची. मालवणी यायची ती फक्त फार मायेच्या किंवा फार दुःखाच्या वेळी.

"कोणाक तरी गावली मां ती?" ती म्हणाली. "मगे रडतास कित्याक?"

हे ऐकून ते आणखीच कोसळले.

मला टो करून भांडुपच्या भीमराज मिस्त्रींच्या गॅरेजात नेले. त्यांनी मला उघडले तेव्हा आतून ऑइल वाहिले नाही, डांबरासारखे लोंबले. मार्तंडकाकाही आले होते. या लहान इंजिनाचे हे असेच, विकून टाक आणि मोठे घे, असे ते सांगत होते. सहा महिन्यांपूर्वी नंदकिशोरांनी लगेच मान डोलावली असती. भीमराजनी त्यांना विचारले की तुम्ही काय काम करता. "लिफ्ट," ते म्हणाले, आणि लोंबणाऱ्या त्या काळ्या ऑइलला त्यांनी बोट लावून बघितले.

"हे लहान होतं म्हणून नाही थांबलं, काका," मग ते म्हणाले. "मी मारलं त्याला."

भीमराजनी नवा टर्बो बसवला, पोट धुऊन काढले, योग्य ते ऑइल भरले. जास्त पळवल्यावर एकदम बंद करू नका, अर्धा मिनिट तसेच चालू ठेवा, त्या चाकाला श्वास घेऊ द्या, असेही बजावले. आता नंदकिशोर ते पाळतात. गिअर वेळेवर उतरवतात. सर्व्हिसिंगची तारीख त्यांनी डायलिसिसच्या तक्त्यावरच लिहून ठेवली आहे. मी शहराला जिंकले का? कोण जाणे. गर्दीत मी अजूनही मोठ्या इंजिनासारखे जागेवरून लगेच उचलत नाही, आणि पेट्रोल फार वाचवते असा दावाही करणार नाही. पण मला समजून चालवणारी दोन माणसे आता या घरात आहेत. तेवढे मला पुरले असते. पुरले असते, जर तो शुक्रवार परत मिळाला असता तर.

त्याला आता अकरा महिने झाले. फोन पुन्हा आलेला नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार आम्ही जातो. शेवंतीच्या हातातली डायलिसिससाठी तयार केलेली शीर दोनदा बंद पडली, आता गळ्याजवळ नळी बसवली आहे. पूर्वी ती बसली की मागचे चाक किंचित दबायचे. आता ती बसली की नाही हे मला दरवाजा लागल्यावरच कळते. ओझे हलके झाले की इंजिनाला बरे वाटते, असे म्हणतात. मला वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या दारात जी गाडी उभी असेल, लहान असो की मोठी, तिचे ऑइल शेवटचे कधी बदलले ते आज घरी विचारा. पिवळा दिवा दिसला तर तो दिसेनासा होण्याआधी बोला. आम्ही तक्रार करत नाही, कुरकुरतो एवढेच, आणि ते कुरकुरणे ऐकणारे तुमच्यापैकीच कुणीतरी असते. ते पुन्हा पुन्हा सांगा. घरातली मोठी माणसे दुर्लक्ष करतात ती वाईट असतात म्हणून नव्हे, दमलेली असतात म्हणून. कधी कुणाचा जीव वाचवायला धावावे लागेल, हे आम्हाला आधी कुणी सांगत नाही. फोन येईल तेव्हा येईल. तोवर आम्हाला धावण्याजोगे ठेवा.