माशाची उलटी शेपटी

शेपटी उलटी बसली होती, यात शंकाच नव्हती. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळात रुतून दगड झालेला हातभर लांबीचा मासा. त्याच्या जातीत शेपटीचं वरचं टोक लांब असतं. इथं लांब टोक खाली होतं. काल शेपटीवरचा शेवटचा दगड निघाला तेव्हा ते सुईवालीच्या लक्षात आलं.

संग्रहालयात सुईनं दगड कोरून मासे मोकळे करायचं तिचं काम, म्हणून तिला सगळे सुईवाली म्हणत. शेपटी तिच्याच हातून निखळली होती आणि तिनंच ती चिकटवली होती. कडा इतक्या झिजलेल्या की ती कशीही बसली असती. त्यात भर म्हणजे घाईत विरघळणाऱ्या डिंकाऐवजी पक्का डिंक लागला. आता ओढली तर माशाचा चुराच. दुपारी पाहुणे मासा बघायला येणार होते, आणि असल्या धांदरट बाईच्या हाती यापुढे कोण मासा देणार?

माशांच्या जाणकार मॅडम आल्या तशी तिनं सगळं सांगून टाकलं. हा दगड त्यांनीच खाणीतून आणून टेबलावर मांडून दिला होता.

"रडू नकोस," मॅडम म्हणाल्या, पण चेहरा त्यांचाही पडला. "शेपटीला हात लावू नकोस. डोकं तरी पुरं कर. निदान तेवढं दाखवू."

डोकं चेपलेलं, निम्मं अजून दगडात. ती नाक ओढत सुई चालवत राहिली. एक कपची उडाली आणि खालच्या जबड्याचे बारीक दात दिसले. पण वर, पाठीच्या बाजूला.

"मॅडम, याचा जबडा डोक्यावर कसा?"

मॅडमनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग अख्खा दगड टेबलावरच अर्धा गोल फिरवला. जबडा खाली आला. शेपटीचं लांब टोक वर गेलं.

"अगं, शेपटी बरोबरच आहे, दगडच उलटा होता! मीच तसा मांडला, आणि आपण दोघी चार महिने याच्या पोटाला पाठ म्हणतोय!" मॅडम खो-खो हसत सुटल्या.

सुईवालीनं सुई खाली ठेवली. जिवात जीव आला तसं हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"तो डिंक नक्की पक्का आहे ना गं?"

"जन्मात सुटायची नाही, मॅडम."

"बरं झालं. पुढच्या माशाला मात्र विरघळणाराच लाव."

सुईवालीला त्यातले पहिले दोन शब्दच तेवढे ऐकू आले.