नळाच्या आदल्या दिवशी

मित्रांनो, सरुबाईंच्या अंगणात न्हाणीशेजारी उभा असलेला, रंग फिकट झालेला निळा बॅरल म्हणजे मी. गल्लीत मला टिपाड म्हणतात. साखरेचा पाक भरण्यासाठी मला एका कारखान्यात घडवलं. पाक संपल्यावर जुने टायर विकणाऱ्या शेजारच्या आयुबचाचांनी मला मुरुम गावच्या बाजारातून सरुबाईंसाठी आणलं. त्यांनी मला इतकं धुतलं, की मुंग्यांनीही माझा नाद सोडला.

आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. त्या दिवशी मी काठोकाठ भरलो की सरुबाई माझ्या अंगावर थाप मारून म्हणायच्या, "ही माझी विहीर!" मला फार बरं वाटायचं.

पुढे उन्हानं माझं झाकण तडकलं. त्याच्या जागी लुगड्याचा तुकडा आला. तो मधोमध झोळीसारखा लोंबून पाण्याला टेकायचा. कडेच्या फटींतून पायांवर पांढरे पट्टे असलेले डास आत शिरू लागले आणि माझ्या पाण्यात अळ्या वळवळू लागल्या. सरुबाईंचा मुलगा सुगत ओरडला, तेव्हा त्या म्हणाल्या, "किडं जगत्यात म्हंजी पाणी गोड हाय. गाळून घे."

त्याच महिन्यात आयुबचाचांची नात अलिजा डेंग्यूनं आजारी पडली. ती दवाखान्यातून बरी होऊन आली, पण ही बातमी सरुबाईंच्या लेकीच्या सासरी पोचली. भाग्यश्री पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. तिच्या सासूबाईंनी, उमाबाईंनी फोनवर सांगितलं, "डास हायत तवर आमी पोरीला न्हाय पाठवणार."

सरुबाईंचा चेहरा उतरला. सुगत मला आडवा करायला धावला.

"माय, सगळं वतून देतो."

"वत! मग नळ येस्तोवर काय पितूस, माझं रगत?"

"ते डास पितेतच की."

सरुबाईंना रागातही हसू आलं. शेवटी दोघांनी सगळं पाणी हंड्यांत गाळलं, मी रिकामा झालो आणि तेच पाणी पुन्हा माझ्यात ओतलं. थोड्याच दिवसांत अळ्या परत दिसल्या.

"पाण्यातच खोट हाय," सरुबाई म्हणाल्या.

खोट पाण्यात नव्हती. डासाची मादी पाण्याच्या रेषेजवळ, माझ्या आतल्या अंगाला बारीक काळी अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. मला हे ठाऊक होतं, पण बोलणार कसा?

एका दुपारी आयुबचाचांची बायको, अलिजाची आजी सायराबी आल्या आणि त्यांनी माझ्यात हात घातला.

"सरुबाई, बघ गं, किती खरखर लागतंय. दवाखान्यातल्या बाई म्हणल्या, अंडी हितंच चिकटत्यात. टिपाड घासलंस का?"

"घासायला पाणी कुठनं आणू?"

"नळ कधी येतोय?"

"उद्या."

"मग आज टिपाडातलं पाणी तळाला गेलंच हाय की! त्यातल्याच तांब्याभरानं घास."

सरुबाईंनी माझ्या तळाकडे वाकून पाहिलं. इतकी वर्षं शिळ्या पाण्यावरच ताजं पाणी पडत आलं होतं. मग पदर खोचत त्या म्हणाल्या, "घासते. पर तूबी तुझ्या म्हाताऱ्याच्या टायरांत साचलेलं पाणी वत आधी!"

तळातलं पाणी फडक्यातून हंड्यात गेलं. फडक्यावरच्या अळ्या तापलेल्या फरशीवर झटकल्या. त्यातलंच तांब्याभर पाणी घेऊन सरुबाईंनी काथ्यानं माझं अंग वरपासून तळापर्यंत घासलं आणि ते घाण पाणी बाहेर ओतून दिलं. सुगतनं घट्ट बसणारं झाकण आणलं. आयुबचाचांनी पाणी ओतून टायर छपराखाली रचले.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याआधीच घासायचं, म्हणून नळाच्या आदल्या दिवशी सगळ्या गल्लीत काथ्याचा आवाज येऊ लागला.

काही आठवड्यांनी उमाबाई स्वतः आल्या. चहाच्या आधी त्यांनी माझं झाकण उचललं आणि मोबाइलची बॅटरी लावून बराच वेळ आत पाहिलं. सरुबाई चहा हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

"तळ दिसतोय की वो," उमाबाई म्हणाल्या. "पाठवते पोरीला."

मित्रांनो, आज भाग्यश्रीची मुलगी माझ्याच पाण्यानं न्हाते आणि गल्ली ऐकेल एवढी रडते. तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी असेल. उद्या नळ येणार असेल, तर आज त्याचं झाकण उघडा, आत हात घाला आणि अंगाला खरखर लागते का ते बघा. त्याला बोलता येत नाही.