सर्वानुमते पंधरा

डिझेल इंजिनाला कोणत्या मापाचा टर्बोचार्जर लावावा, हा प्रश्न हात वर करून सोडवता येतो, असे श्यामसुंदर कर्णिक यांना एकतीस वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितले नव्हते. ती सगळी वर्षे त्यांनी तळोज्याच्या एका इंजिन कारखान्यात, चाचणीच्या खोलीत, कानांत बोळे घालून काढली होती. निवृत्तीबरोबर बोळे निघाले आणि खांदेश्वरच्या त्यांच्या सोसायटीची सभा त्यांना ऐकू येऊ लागली.

सोसायटीच्या जनरेटरचा टर्बो निकामी झाला होता, आणि कोणीतरी तात्पुरता म्हणून त्या जागी एक जुना, मोठा टर्बो बसवून गेला होता. तेव्हापासून वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि लिफ्ट हलली, की इंजिन काळा धूर ओकून मान टाकी. अशाच एका दुपारी त्यांच्या पत्नी गीतांजलीबाई सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये चाळीस मिनिटे अडकल्या. पक्षाघाताने डावी बाजू गेल्यापासून त्या चाकांच्या खुर्चीत होत्या. सुटका झाल्यावर त्या रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "लिफ्टची खात्री झाली की सांगा. तोवर मी वरच बरी."

अकराव्या मजल्यावरून त्या उतरल्याला तेवीस दिवस झाले होते. पाच वाजता खाली जाऊन चार बायकांशी वाद घालणे, हा त्यांच्या दिवसातला स्वतःचा असा एकच तास होता.

कर्णिकांनी खात्री शोधायला घेतली. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. धूर ज्या शंखाकृती बिडाच्या कवचातून पंख्यावर सोडला जातो, त्या कवचावर मापाचा अंक असतो, आणि या इंजिनाला दोनच अंक येत: बारा आणि अठरा. अठराच्या ऐसपैस वाटेने धूर आळसावून जातो. लिफ्ट एकदम भार मागते, डिझेल पोहोचते, हवा मात्र पोहोचत नाही. बाराची वाट अरुंद, म्हणून धूर जोरात आदळतो आणि पंखा तत्काळ वेग घेतो. बारा पूर्ण भारावर गुदमरतो हे खरे. पण या इमारतीने पूर्ण भार कधी मागितलाच नव्हता. पंधरा दिवस जनरेटरजवळ खुर्ची टाकून कर्णिकांनी तेही मोजले होते. आकडा साठ टक्क्यांच्या वर गेला नव्हता.

हे सारे आलेखावर मांडून ते रविवारच्या सभेला गेले. पंखा कोणत्या दाबाला किती हवा देतो हे दाखवणाऱ्या त्या वक्ररेषांना इंजिनवाले नकाशा म्हणतात, आणि हा शब्द त्यांनी बेसावधपणे उच्चारला. सेक्रेटरी राजवर्धन यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. नकाशा मंजूर आहे का, कोणाच्या सहीशिक्क्याने, असे त्यांनी विचारले. आणि ते विनोद करत नव्हते.

त्यानंतर चर्चा झाली. एका सभासदाने मोबाइलवर मोठ्या टर्बोच्या गाडीची चित्रफीत दाखवली. मोठ्या टर्बोनेच तर लिफ्ट बंद पडते, असे कर्णिक म्हणाले, तेव्हा तो जुना होता, नवा मोठा घ्यावा, असा तोडगा निघाला. सात हात अठराच्या बाजूने वर झाले. बाराच्या बाजूने एक झाला, तो कर्णिकांचा.

"काका, टेन्शन घेऊ नका," राजवर्धन म्हणाले. "तुमी सीनियर आहात, तुमचं मन मोडायचं नाही. आपण मधला धरू. पंधरा. सर्वानुमते."

टाळ्या वाजल्या. ठरावात पुढे असेही लिहिले गेले, की जनरेटरवर ठरावाबाहेरचा सुटा भाग आढळल्यास तो काढण्यात येईल आणि पुढील सभेपर्यंत लिफ्ट जनरेटरवरून तोडण्यात येईल. कर्णिकांना तांत्रिक सल्लागार नेमण्यात आले. सल्ला धुडकावल्यानंतर सल्लागार नेमण्याची ही रीत त्यांना आवडली. तिच्यात एक प्रकारची पूर्णता होती.

टर्बो बसवायला कळंबोलीहून हौसेराव आले. साताऱ्याकडचा हा मिस्त्री आयुष्यभर ट्रकांचे टर्बो उघडत आला होता. त्यांनी ठराव दोनदा वाचला.

"सायेब, पंधरा कुनी बनवतच न्हाई," ते म्हणाले. "बारा हाय, अठरा हाय. कमिटीनं दोनी घालून सरासरी काढली व्हय?"

कर्णिकांनी मान हलवली.

"मग गुमान बारा घालतो. वर पट्टी गुंडाळतो, उष्णतेची. अंक झाकला की ठराव बी झाकला. सही तेवढी तुमची."

ज्या माणसाने एकेकाळी दशांशातल्या चुकीसाठी अख्खे इंजिन परत पाठवले होते, त्याने ठरावाच्याच कागदावर 'ठरावाप्रमाणे माप पंधरा बसविले' या ओळीखाली सही केली. त्याच दिवशी त्यांनी मुख्य स्विच स्वतः पाडून लिफ्ट बाविसदा वरखाली नेली. इंजिनाचा सूर किंचित खाली गेला आणि लगेच सावरला. संध्याकाळी गीतांजलीबाई खाली उतरल्या. पुढच्या सभेत मध्यममार्गाच्या यशाबद्दल समितीचे अभिनंदन झाले आणि अनुमोदन तांत्रिक सल्लागारांकडून घेण्यात आले.

महिन्याभराने एका दुपारी दारात स्नेहल नावाच्या बाई उभ्या राहिल्या. जुईनगरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांच्याकडे याच बनावटीचा जनरेटर, तीच लिफ्ट, तोच धूर. खांदेश्वरचा पंधरा त्यांच्या कानावर गेला होता. त्यांच्या कंत्राटदाराने तो मिळवलाही होता. बसवण्यापूर्वी कर्णिकांनी एकदा पाहावा, एवढेच मागणे. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. कवचावरचे बीड नुकतेच घासलेले दिसत होते. एकच्या पुढचा पाच थोडा तिरका ठोकला होता, आणि त्याच्या पोटात जुन्या आठची कड उरली होती.

जे अस्तित्वात नाही त्याला मागणी आली, की बाजार ते घडवतो. कर्णिकांना राग आला नाही. तो कधीच थंड होऊन त्यांच्या बसण्याउठण्यात मुरला होता.

"हा अठरा आहे," ते म्हणाले. "बारा घ्या."

स्नेहलबाई गोंधळल्या. त्यांनी पिशवीतून ठरावाची प्रत काढली. "पण सर, तुमच्याकडे पंधराच आहे ना? खाली सही तुमचीच आहे."

"सही माझीच आहे. तरी बारा घ्या."

"आमच्या कमिटीला कागद लागतो, सर. एक मिनिट, मी राजवर्धनना फोन करून विचारते. त्यांनी हो म्हटलं की झालं."

त्यांनी नंबर शोधायला घेतला. पाचला दहा मिनिटे कमी होती. आतल्या खोलीतून खुर्ची पुढे आली. गीतांजलीबाईंनी केस विंचरले होते आणि एका हाताने, कोणाची मदत न घेता, चपला चढवल्या होत्या. कर्णिकांनी त्या चपलांकडे पाहिले, मग ठरावातल्या लिफ्ट तोडण्याच्या ओळीकडे.

"फोन नको," ते म्हणाले. "ठरावात आहे तेच."

"म्हणजे पंधरा?"

"पंधरा."

स्नेहलबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी आभार मानले, पुढे होऊन लिफ्टचे दार धरले आणि काकूंना आधी आत घेतले. मागून कर्णिक शिरले. नवव्या मजल्याशी वीज गेली. लिफ्ट थांबली, अंधार झाला. खाली इंजिन सुरू झाले, क्षणभर दबले, सावरले. दिवा लागला आणि लिफ्ट पुन्हा संथपणे उतरू लागली.

"बघा," स्नेहलबाई समाधानाने म्हणाल्या. "आमच्याकडचे सगळे म्हातारे आता असेच खाली येतील."

गीतांजलीबाई त्यांच्याकडे पाहून हसल्या. कर्णिक दारावरचे मजल्यांचे आकडे वाचत राहिले.