चाचप्याचं बोथट नाक

थांबा हो मित्रांनो, कुठे निघालात? आधी माझं ऐकून तर घ्या! नुसतं ऐका. मग मला वेडा म्हणा, भंगार म्हणा, काय हवं ते म्हणा.

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जुना म्हणजे तसा फार नाही हं, पण आमच्या धंद्यात नवं यंत्र दारात आलं की कालचं यंत्र लगेच आजोबा होतं. सध्या मी प्रयोगशाळेबाहेरच्या बोळात उभा आहे. अंगावर प्लास्टिकची चादर आहे आणि डोक्यावर कुणीतरी हेल्मेट ठेवून गेलंय. हेल्मेट! ज्या डोक्यानं केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढ्या वस्तू दाखवल्या, त्या डोक्यावर!

बरं, मी इतर सूक्ष्मदर्शकांसारखा भिंगातून बघत नाही. मी चाचपतो. अंधारात तुम्ही भिंतीवर बोट फिरवत दिव्याचं बटण शोधता ना, तसं. मला एक सुई आहे, तेच माझं नाक. तिचं टोक इतकं बारीक की तुमच्या डोळ्यांना ते दिसायचंच नाही. ती सुई वस्तूवरून फिरते, वर होते, खाली होते, आणि त्या वरखालीवरून मी पडद्यावर चित्र काढतो. म्हणून मुलांनी माझं नाव ठेवलं चाचप्या. मला ते जाम आवडायचं!

मला बनवलं तेव्हा कारागिरांनी माझ्या पायांखाली जाड रबर बसवलं. बाहेर कुणी दार आपटलं तरी माझा हात हलू नये म्हणून. मग मला या प्रयोगशाळेत आणलं. पण मी एकट्या प्रयोगशाळेचा नव्हतो बरं का! पुष्कळ कॉलेजं आणि काही शाळा एकत्र आल्या होत्या. एकेकट्याला असलं यंत्र परवडायचं नाही, म्हणून सगळ्यांत मिळून एक. त्याला सगळे 'आपलं जाळं' म्हणायचे. पाळी आली की ती मंडळी आपला नमुना डबीत घालून पाठवायची, इथल्या ताई तो माझ्यासमोर ठेवायच्या, आणि मग दूरच्या कुठल्यातरी वर्गात बसलेली पोरं त्यांच्या संगणकावरून माझी सुई फिरवायची. पोरांची पाळी असली की मला कोण आनंद व्हायचा! "अरे थांब, उजवीकडे घे!" "हळू रे, ते काय बैल हाकणं आहे?" सगळं ऐकू यायचं.

ताई म्हणजे मला सांभाळणाऱ्या संशोधक. आणि जाळ्याचे प्रमुख ते मोठे सर. त्यांनी नियम केला होता, एकच कृती सगळ्यांनी करायची. पानांच्या रसात चांदीचा क्षार घालून चांदीचे इवले दाणे बनवायचे आणि सगळ्यांचे जुळतात का ते बघायचं. छान नियम. मला त्यात काही खोट दिसली नाही.

खोट होती कपाटात!

माझी सुई झिजते, मित्रांनो. तुमची पेन्सिल झिजते तशीच. झिजली की बदलायची, एवढं सोपं. पण नव्या सुयांची डबी मोठ्या सरांनी कपाटात कुलपात ठेवली होती. कशाला? तर पाहुण्यांसाठी! घरात नाही का, चांगल्या कपबश्या पाहुण्यांना आणि कान तुटलेले कप घरच्यांना. अगदी तसं.

ताई म्हणाल्या, "सर, सुई बोथट झालीय. बदलू या का?"

"चालतंय ना अजून?"

"चालतंय, पण चित्र खरं येत नाही."

"येतंय ना? मग झालं. ताई, तुम्ही फार चिकित्सा करता बुवा."

आता तुम्हीच करून बघा. डोळे मिटा आणि बोटाऐवजी कोपरानं मोहरी चाचपा. काय कळेल? मोहरी नाही कळणार, स्वतःचं कोपर कळेल! माझं तेच झालं. टोक तुटून तिरकं, तिकोनी झालेलं. दाण्यापेक्षा ते टोकच मोठं. त्यामुळे प्रत्येक दाण्यावरून जाताना मी माझ्याच मोडक्या नाकाचं चित्र काढत होतो. कुठल्याही कॉलेजची डबी येवो, पडद्यावर त्रिकोणच त्रिकोण!

आणि लोक काय खूश! "यांचेही त्रिकोणी! त्यांचेही त्रिकोणी! सगळ्यांचं जुळलं!" अहो, जुळणार नाही तर काय होणार? सगळे मिळून एकच नाक बघत होते! मोठ्या सरांनी त्या चित्राचा भलामोठा फलक करून दारात लावला. माझं नाक, सोनेरी चौकटीत. मला ओरडावंसं वाटायचं. पण मला तोंड कुठे आहे?

मग एकदा पाहुणे आले. त्यांच्यासाठी मला नवी सुई मिळाली. पाहुण्यांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले, चहा घेतला आणि गेले. मला कुणी वापरलंसुद्धा नाही. पण त्यानंतर लगेच पाळी होती एका शाळेची, आणि सुई अजून नवीच होती! काय सांगू, किती दिवसांनी मला धड चाचपता आलं! शाळेच्या पोरांचे दाणे गोल होते. सुंदर, टपोरे, गोल गोल! त्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे 'पण-का' म्हणायचे, कारण ती दर वाक्याला "पण का?" विचारायची. ती किंचाळलीच, "बाई, आमचे मोत्यांसारखे आलेत!"

त्यांची पाळी संपली आणि सरांच्या हुकमानं नवी सुई परत कपाटात. माझ्या नाकावर पुन्हा तेच मोडकं टोक.

पुढच्या बैठकीला सगळी कॉलेजं पडद्यावर हजर होती. एका चौकोनात त्या शाळेच्या बाई आणि त्यांच्यामागे अख्खा वर्ग दाटीवाटीनं.

सर म्हणाले, "सगळ्यांचे दाणे त्रिकोणी, एकट्या शाळेचे गोल. चूक कुणाची हे सांगायला ज्योतिषी नको. पुढच्या फेरीपासून त्यांची जागा दुसऱ्या कुणालातरी देऊ."

बाईंचा चेहरा उतरला. "सर, कृती तुमचीच आहे. मुलांनी तंतोतंत केलीय. ही जागा गेली तर यांना असं यंत्र पुन्हा कुठे मिळणार?"

"बाई, राग मानू नका. पण चांदीचे दाणे म्हणजे काही रव्याचे लाडू नव्हेत, कसेही वळले तरी गोल!"

सगळे हसले. हसले! मला असा संताप आला की रबराचे पायसुद्धा थरथरले असतील.

तेवढ्यात मागून पण-का म्हणाली, "सर, पण सगळे त्रिकोण एकाच बाजूला का झुकलेत? दाणे कवायत करतात का?"

आता कुणी हसलं नाही. ताई उठल्या. त्यांनी माझ्यासमोरचा नमुना उचलला, आडवा फिरवून ठेवला आणि मला सुरू केलं. नमुना फिरला म्हणजे त्रिकोणही फिरायला हवेत ना? मी हळूहळू चित्र काढत गेलो. अख्खं जाळं बघत होतं.

"फिरलेच नाहीत! बाई, त्रिकोण फिरलेच नाहीत!" वर्गात नुसता कल्ला.

मला वाटलं, सुटलो! आता ताई सांगणार, सुई बोथट आहे, मी कधीचं सांगतेय. त्यांनी तोंड उघडलंही. पण सर त्यांच्याआधी बोलले.

"पाहिलंत? यंत्रच बिघडलंय! शाळेचा बिचाऱ्यांचा काय दोष? शाळा जाळ्यात राहील. नवं यंत्र मागवू." मग ताईंकडे वळून, अगदी गोड आवाजात, "काय ताई, यंत्रच बिघडलंय ना?"

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. बाई डोळे पुसत होत्या, पोरं उड्या मारत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो सर," त्या म्हणाल्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी! कपाटाला कुलूप लावलं कुणी, आणि बिघडलं कोण? मी! माझा एक स्क्रू ढिला नव्हता, मित्रांनो, एक तार तुटली नव्हती. फक्त नाक बदलायचं होतं.

नवं यंत्र आलं. चकचकीत आहे, माझ्यापेक्षा भरभर चाचपतं. मला इथे बोळात ढकललं. वाटलं, ठीक आहे, पोरांचं तरी भलं झालं. पण खरी गंमत पुढेच आहे. नव्या यंत्राची सुईही आता झिजलीय, आणि डबी अजून त्याच कपाटात आहे! यंत्र बिघडलं होतं असं ठरलं ना, मग सुईबद्दल कोण कशाला शिकेल?

आज सकाळी शाळेची पाळी होती. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. सर म्हणत होते, "वा, अभिनंदन! यंदा शाळेचेही त्रिकोणी. जुळलं एकदाचं!" वर्गात टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्यावर तोच आवाज आला.

"ताई, गेल्या वेळी गोल होते, आता त्रिकोणी. कृती तीच. मग आता कोण बिघडलं?"

ताई "आलेच हं" म्हणून बाहेर आल्या. आता माझ्याशेजारी उभ्या आहेत. माझ्या डोक्यावरचं हेल्मेट त्यांनी खाली ठेवलंय आणि चादरीवरून हात फिरवतायत. आत सर बसलेत, पलीकडे पोरं थांबलीयत. खरं सांगितलं तर सर चिडणार, शाळेची जागा पुन्हा धोक्यात. नाही सांगितलं तर ती पोरं माझ्यासारख्याच कुणाचंतरी मोडकं नाक वहीत काढणार आणि त्याला चांदी म्हणणार.

अरे, हातातली हत्यारं वेळेवर बदला रे, पाहुण्यांसाठी दडवू नका! एवढंच माझं म्हणणं आहे. पण ते ऐकायला ताईंना आता वेळ नाही. आतून पण-का पुन्हा हाक मारतेय, "ताई? आहात ना?"

मित्रांनो, ताईंच्या जागी तुम्ही असता, तर आत जाऊन काय सांगितलं असतं?